कानाचं उष्टं

दस्तगीर मुलाणींच्या शोकसभेत बटाटेवडे होते. सभा कंपनीच्या कँटीनमध्येच ठेवली होती आणि दुखवट्याचा ठराव वाचून होईपर्यंत थांबण्याचा धीर आचाऱ्याला नव्हता. त्यामुळे ‘संगीताचे निस्सीम उपासक’ हे शब्द आणि तळणीचा वास एकाच वेळी आमच्यापर्यंत पोचले. ठराव वाचणारे पर्सोनेल मॅनेजर देवस्थळे आधी ‘कैलासवासी मुलाणी’ म्हणाले. शेजारच्याने कोपर मारल्यावर हसून ‘पैगंबरवासी’ अशी दुरुस्ती केली. प्रसंगाला शोभावी म्हणून कोणीतरी मागे बासरीची टेप लावून ठेवली होती. भाषणाच्या खाली बासरी आणि बासरीच्या खाली तळण. माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाने बोटाला लागलेली चटणी चाटली आणि तेच बोट डोळ्याच्या कडेला लावून डोळा पुसला.

मी उठून बाहेर आलो. मला शिसारी आली होती. तो वास अजून गेलेला नाही. लिहून जातो का, बघतो आहे.

पानशेत फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी पुण्याहून चिंचवडला आलो. पुराच्या चिखलात माझं घर आणि पुस्तकं गेली होती आणि तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली होती. स्टेशनपासून थोडं आत, शेताच्या कडेला, गयाबाई नावाच्या बाईंनी भाड्यासाठी एका ओळीत खोल्या बांधल्या होत्या. त्या मूळच्या रहाटणीच्या, सगळे त्यांना आक्का म्हणत. कडेची खोली मला मिळाली. तिच्या शेजारची दस्तगीरभाईंची. मधली भिंत एका विटेची होती.

दस्तगीरभाई चिखलीचे. वडील विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. मुलाने डिप्लोमा केला आणि लोखंड तापवून ठोकणाऱ्या एका कारखान्यात, हॅमरशॉपमध्ये, सुपरवायझर झाला. तिथे घरभर उंचीचे हॅमर लालभडक लोखंडावर दिवसभर पडत असत. एक हॅमर पडला की शाळेत माझ्या टेबलावरच्या दौतीतली शाई हलायची. दस्तगीरभाई तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर होते. सडपातळ, कातरलेल्या मिशीचे, इस्त्रीच्या कपड्यांतले. पत्नी लग्नानंतर लवकरच वारली होती. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही.

मी राहायला आलो त्याच आठवड्यात ते ओळख करून घ्यायला आले. मी जेवत होतो. ते समोर मांडी घालून बसले आणि माझ्या ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली.

“वांगं आक्काच्या शेतातलं दिसतंय, मास्तर.”

“तुम्हाला ताट वाढू का?”

“कशाला? हे आहे की.”

कँटीनमध्येही ते असेच कोणाच्याही ताटात हात घालत. कोणाच्याही बशीतला उरलेला चहा पीत. उष्टं ही गोष्ट या माणसाला माहीतच नाही असा माझा समज झाला. तो महिनाभरही टिकला नाही.

एकदा आम्ही स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा प्यायला बसलो. हॉटेलवाल्याने रेडिओ लावला होता आणि एक बाई ठुमरी गात होत्या. दस्तगीरभाईंचा चेहरा चहात केस सापडल्यासारखा झाला. त्यांनी अर्धा कप तसाच ठेवला आणि उठले.

“कप धुतलेला नाही का?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“कप चकाचक आहे. गाणं उष्टं आहे.”

“म्हणजे?”

“तो भजी तळतोय, हा पेपर वाचतोय, ते दोघं बांधाच्या भांडणावर बोलतायत, आणि ती बाई तिकडं जीव तोडून गातीय. प्रत्येकानं एकेक चावा घेतला आणि टाकलं. आता मी ते उचलून खाऊ?”

“माझ्या ताटातली भाकरी खाल्लीत ती?”

“तोंडाचं उष्टं चूळ भरली की जातं, मास्तर. कानात चूळ कशी भरायची?”

मला हे सोवळं विक्षिप्त वाटलं. पण ते पाळणारा माणूस विक्षिप्त नव्हता. त्याला फक्त शिसारी फार लवकर यायची. लग्नाच्या मांडवातला कर्णा, गणपतीसमोरची रेकॉर्ड, दुकानाच्या उद्‌घाटनाची सनई, एवढंच काय, न्हाव्याचं गुणगुणणंसुद्धा त्यांना सहन होत नसे. “अर्धं चघळून आपल्यासमोर थुंकतात,” ते म्हणायचे, आणि खरोखरच रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकायचे.

हॅमरशॉपमध्ये कानांवर लावायला कंपनीने काही दिलेलं नव्हतं. दस्तगीरभाई खोबरेल तेलात भिजवलेले कापसाचे बोळे कानात घालून जायचे. पहिली पाळी सुटल्यावर घरी आले की ओट्यावर बसून ते बोळे चिमटीने बाहेर ओढायचे. काजळी, तेल आणि मळ यांनी ते काळे, बुळबुळीत झालेले असत. मेलेल्या उंदराला शेपटीने धरावं तसे ते धरायचे.

“बघा. कंपनीचं खरकटं.”

मग कोपरापर्यंत हात धुवायचे, पांढरा पायजमा-सदरा घालायचा, दार लावायचं आणि तबकडी लावायची. तबकडी हाच शब्द ते वापरत. रेकॉर्ड कधी म्हणाले नाहीत. “ताटलीच आहे ही,” म्हणायचे. “हात धुऊन बसावं.”

त्यांच्याकडचा प्लेअर आणि निम्म्या तबकड्या एका जर्मन माणसाच्या होत्या. तो हॅमर बसवून द्यायला आला होता आणि परत जाताना एवढं ओझं नको म्हणून सगळं यांना देऊन गेला. बाकीच्या यांनी पुण्यातून, खडकीच्या जुन्या बाजारातून आणल्या होत्या. त्यात ख्याल होते, कव्वाल्या होत्या, चर्चमधली वाटणारी बायकांची गंभीर गाणी होती, जाझ होता, आणि पुढे पुढे लांब केसांच्या पोरांचा रॉकही आला. वेष्टणांवरची नावं त्यांना वाचता येत नसत किंवा वाचायची नसत. ते तबकड्यांना आपल्या खुणांनी ओळखत: निळी, फाटक्या कोपऱ्याची, दाढीवाल्याची, डाग पडलेली. एका दिवशी एकच. संपली की झाकण लावून तितकाच वेळ गप्प बसायचं.

ख्याल गाणाऱ्या एका बुवांबद्दल ते म्हणत, “हा बाबा उंबऱ्यात उभा राहून आत यायला किती वेळ लावतो. पण आला की घर त्याचं. आपणच पाहुणे.” जाझमधल्या ट्रम्पेटवाल्याबद्दल, “हा रडत नाहीये मास्तर, नाक शिंकरतोय. पण काय सुरात शिंकरतोय!” रॉकवाली पोरं त्यांना आपल्याच हॅमरशॉपमधली वाटत. “फक्त यांचा हॅमर वेळेवर पडतो. आमचा एक तरी पडलाय का असा?” रागाचं नाव त्यांना सांगता येत नसे. तालाच्या मात्रा मोजताना चुकत. एकदा तर त्यांनी एका इटालियन बाईचं विरहगीत वर्षभर अंगाईगीत समजून ऐकलं. मी वेष्टणावरचा इंग्रजी मजकूर वाचून खरं सांगितलं, तर माझ्यावरच चिडले. “वर्षभर झोपलं ना पोर? मग झालं तर.”

भिंतीपलीकडून हे सगळं मलाही ऐकू यायचं. मी पुस्तक मिटून ठेवायचो. एकदा त्यांना विचारलं, “मी भिंतीतून ऐकतो, ते उष्टं नाही का?”

दोन-तीन दिवसांनी पाण्याच्या नळावर भेटले तेव्हा म्हणाले, “नाही. तबकडी सुरू असताना तुमची खुर्ची वाजत नाही. मी ऐकतो.”

आक्का मात्र दारात यायची. एका संध्याकाळी जाझ सुरू असताना ती शेणाचे हात तसेच धरून आली आणि दार ढकललं.

“आरं दस्तगीर, काय लावलंयस ह्ये? माजी म्हस आडलीवती तवा आशीच वरडत व्हती.”

“मग पुढं काय झालं?”

“काय व्हनार? रेडकू झालं.”

“मग थांबा की आक्का. इथंबी व्हनार हाय. बसा.”

आक्का उंबऱ्यावर बसली. ट्रम्पेट चढत चढत गेलं, अडकलं, पुन्हा चढलं आणि शेवटी एका लांब सुरावर मोकळं झालं. आक्का उठत म्हणाली, “व्हय. सुटली बाई.” ही गोष्ट दस्तगीरभाई पुढे भेटेल त्याला सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा इतका आनंदी असे की ऐकणाऱ्याला म्हैस त्यांचीच होती असं वाटे.

देवस्थळ्यांशी त्यांचं बिनसलं ते चिवड्यावरून. देवस्थळे स्वतःला गाण्यातले दर्दी समजत. त्यांच्या निगडीच्या बंगल्यावर त्यांनी एका गायकाची बैठक ठेवली आणि कंपनीतला रसिक म्हणून दस्तगीरभाईंना बोलावलं. भाईंनी मलाही नेलं. गायकाने पहिला सूर लावला न लावला तोच देवस्थळे सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “वा! मारवा.” पाठोपाठ चिवड्याच्या बशा फिरल्या. आलापीच्या मधल्या शांततेत वीसेक माणसांच्या जबड्यांचा आवाज येऊ लागला. एरवी मला तो जाणवला नसता, पण शेजारी दस्तगीरभाई होते. ते गायकाकडे बघून हात जोडत उठले आणि बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी जाऊन बसले.

मध्यंतरात देवस्थळे बाहेर आले. “काय मुलाणी, राग पसंत पडला नाही?”

“राग छान होता साहेब. चिवडाबी कुरकुरीत होता.”

“कुठला राग ते तरी कळलं का?”

“नाही कळला. कळायच्या आत तुम्ही सांगितलात.”

देवस्थळे हसले. असल्या माणसांचं हसणं मला नंतर पुष्कळदा दिसलं. त्यात ओठांखेरीज काही हलत नाही.

आजार केव्हा सुरू झाला ते सांगता येणार नाही. एकदा ओट्यावर बसले असताना म्हणाले, “आक्काच्या बांधावर रातकिडे दिवसाही ओरडायला लागलेत.” मी कान दिला. काहीच नव्हतं. आणखी काही महिन्यांनी ते नळावर थांबून मला सांगू लागले, रोज थोडं थोडं, घरातून काय काय चोरीला गेलं ते सांगावं तसं. जाझमधल्या झांजा गेल्या. मग बाईच्या आवाजातला वरचा काठ. “तंबोरा आहे अजून,” एकदा म्हणाले, “पण त्याच्यावरचं ऊन गेलं.”

कंपनीच्या डॉक्टरने कानात बॅटरी मारून बघितलं आणि स्पष्ट सांगितलं की हॅमर सोडा. अजून आहे तेवढं राहील. टूलरूममध्ये सुपरवायझरची जागा मोकळी होती. तिथे बारीक यंत्रं, माणूस हळू बोलला तरी ऐकू येतं. बदली देवस्थळ्यांच्या हातात होती.

देवस्थळ्यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, “टूलरूम तुमचीच आहे मुलाणी. फक्त माझी एक इच्छा आहे. एवढा खजिना तुमच्याजवळ, तो एकट्यानं काय भोगायचा? रोज जेवणाच्या सुटीत कँटीनमध्ये लावत चला. जेवता जेवता संगीत. कामगार खूश, वरचे लोक खूश.”

दस्तगीरभाई घरी आले ते थेट माझ्या खोलीत. कानातले बोळे काढायचेही विसरले होते. त्यामुळे फार मोठ्याने बोलत होते.

“कान वाचवायचे असतील तर कानांना खरकटं चारा म्हणतोय!”

“हो म्हणा,” मी म्हणालो. “कान राहिले तर पुढचं बघता येईल.”

“त्याला माहितीये मास्तर. त्या दिवशीचा चिवडा तो मला परत खायला लावतोय.”

पण त्यांनी होकार दिला. देवस्थळ्यांनी पहिल्या दिवशीचा समारंभ केला. मला ‘संगीत आणि श्रम’ या विषयावर दोन शब्द बोलायला बोलावलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

कँटीनमध्ये आमटीचा आंबूस वास कोंडला होता. फरशी ओली होती आणि टेबलांवर माश्या. एका टोकाला लाकडी फलाटावर प्लेअर ठेवला होता. त्याच्या तारा भिंतीवरच्या कर्ण्याला जोडल्या होत्या, आणि बाजूला माझ्यासाठी माइक. दस्तगीरभाई जेवणाऱ्यांकडे पाठ करून बसले. त्यांनी बहुधा स्वतःशी असं ठरवलं होतं की ती तोंडं बघायची नाहीत. त्यांनी उंबऱ्यात उभ्या राहणाऱ्या त्या बुवांची तबकडी लावली, आवाज आपल्या कानाला बरा वाटेल इतका ठेवला आणि प्लेअरवर वाकून ऐकू लागले.

थोडा वेळ गेला. मग हॅमरशॉपच्या टेबलांवरून कोणीतरी ताटावर पेला आपटला. दुसऱ्याने आपटला. पाहता पाहता ती सगळी रांग ताटं वाजवू लागली. सोपान नावाचा हॅमरमन, चाकणकडचा, दस्तगीरभाईंच्याच पाळीतला, उभा राहून तोंडात घास असताना हात वर वर करून ओरडत होता. देवस्थळे खुशीत पुढे झुकले. “मुलाणी, काहीतरी उडतं लावा, उडतं!”

दस्तगीरभाई वळले. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता, पण इतका पुरता कधी पाहिला नव्हता. त्यांनी तबकडी बंद केली, माझ्यासमोरचा माइक ओढला आणि म्हणाले:

“खा. खरकटंच खा तुम्ही. जन्मभर खरकटंच खा!”

कर्ण्याने ते शेवटच्या टेबलापर्यंत पोचवलं. ताटं थांबली. मला बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर सोपान खोलीवर आला. मी ओट्यावर वह्या तपासत होतो. दस्तगीरभाईंनी “ये” म्हटलं तरी तो आत गेला नाही. हॅमरवाली माणसं घसा ताणूनच बोलतात. त्यामुळे सगळ्या खोल्यांना ऐकू गेलं.

“सायेब, काल आमी काय म्हनत हुतो, ठाव हाय का?”

“काय?”

“मोठं करा म्हनत हुतो! ऐकूच येईना. तुमचा बाबा गातोय का जांभया देतोय, कळंना. तुमी बसला पाठ करून. ताट वाजवल्याबिगर मागं बगनार कसं?”

दस्तगीरभाई उठून उंबऱ्यापाशी आले.

“तुमच्या कानात किडं वरडत्यात म्हून डागदर टूलरूम देतोय. आमच्या कानात काय कोकिळा हायत व्हय?” सोपानने चौकटीला हात टेकला. “आन् खरकट्याचं म्हनाल, तर माज्या आज्यानं खाल्लं. बानं बी खाल्लं, गावात दारोदार फिरून. म्या न्हाई खाल्लं. म्हून तर कंपनीत आलो. तुमी आमच्या ताटात हात घालून जेवता, म्हून वाटलं हुतं, ह्या मानसाच्या तोंडात त्यो शब्द यायचा न्हाई.”

तो गेला. दस्तगीरभाई उंबऱ्यावर बसून राहिले. नेहमी दुसऱ्यांवर रोखलेली शिसारी उलटून स्वतःवर आली की माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. ते रस्त्याच्या कडेला थुंकायला उठले आणि न थुंकताच परत येऊन बसले.

पुढच्या पाळीच्या सुरुवातीला हॅमर सुरू व्हायच्या आधी त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. सोपान “बरं बरं” म्हणाला आणि भट्टीकडे वळला. देवस्थळ्यांनी बोलावून घेतलं, तेव्हा त्यांचा सूर समजुतीचा होता. कामगारांना बोललात त्याचं काही नाही, माझ्यासमोर बोललात एवढंच खटकलं. उद्यापासून पुन्हा लावा, टूलरूमचा कागद तयार आहे.

दस्तगीरभाई म्हणाले की आधी हॅमरवर काम करणाऱ्या सगळ्यांना कानांवर लावायला काहीतरी द्या. टूलरूमला दुसरा कोणी पाठवा.

मी त्यांच्यावर रागावलो. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी चढ्या आवाजात बोललो तो तेव्हाच. “तुम्ही तिथं राहिल्यानं त्यांचे कान परत येणार आहेत का?”

“नाही.”

“मग?”

“टूलरूममध्ये जाऊन कान वाचवीन, घरी येऊन तबकडी लावीन. कुठलीही लावली तरी ताटं वाजतील, मास्तर. मग त्या कानांचं काय करू?”

पुढे वर्षभराने कंपनीने हॅमरशॉपला काय पाठवलं ते सांगायला हवं. कापसाचं एक पुडकं पाठवलं. त्याचा फोटो कंपनीच्या अंकात आला होता. पुडकं देणारे देवस्थळे, घेणारा सोपान, खाली ‘कामगार कल्याण’.

त्यानंतरची वर्षं भरभर गेली. पिंपरी-चिंचवडच्या मधली शेतं शेडांनी भरली. आक्काने म्हैस विकली. दस्तगीरभाईंच्या खोलीतून येणारा आवाज वाढत गेला, म्हणजे त्यांचे कान कुठवर आले ते मला भिंतीतून कळायचं. रविवारी कधी सोपान यायचा. माफीबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. सोपानला लांब केसांची पोरं आवडत. “ह्ये बरं हाय सायेब, ह्ये समजतंय,” तो ओरडायचा आणि दस्तगीरभाई “काय?” म्हणून ओरडायचे. आक्का दोघांना शिव्या घालत बाहेर उभी असायची. त्या गोंगाटाला दस्तगीरभाईंच्या पूर्वीच्या सोवळ्यात काय नाव मिळालं असतं कोण जाणे. चेहऱ्यावर मात्र ती केस सापडल्याची खूण तेव्हा नसायची.

शेवटी कंपनीच्याच डॉक्टरने त्यांना कामाला अयोग्य ठरवलं. हॅमरचा इशारा ऐकू न येणारा सुपरवायझर धोक्याचा, असं कागदावर लिहिलं. निरोपसमारंभात देवस्थळ्यांनी त्यांच्या संगीतप्रेमाचा गौरव केला आणि कंपनीतर्फे भेट दिली. ती भेट ट्रान्झिस्टर होती. माणूस बहिरा झाला म्हणून घरी पाठवताना त्याच्या हातात रेडिओ ठेवायचा, आणि टाळ्या वाजवायच्या. दस्तगीरभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, नमस्कार केला आणि घरी येऊन आक्काला देऊन टाकला.

ते चिखलीला भावाकडे राहायला गेले. मी बदली होऊन पुण्याला परतलो. पत्रं येत, थोडक्यात, नेमकी. तब्येतीबद्दल एक ओळ, पावसाबद्दल एक ओळ, मग ‘तबकडी रोज लावतो.’ मला हे वाचून बरं वाटायचं.

त्यांच्या मृत्यूआधी मी त्यांना एकदाच भेटलो. चिखली ओळखू येत नव्हती. गल्लीगल्लीत लोखंड कातणारे लेथ सुरू होते, आणि भावाच्या घराच्या पुढच्या भागातही वर्कशॉप झालं होतं. मागच्या खोलीत दस्तगीरभाई होते. पांढरा सदरा, कातरलेली मिशी. माझे ओठ बघून बोलणं ओळखायचे, आणि नाही कळलं तर हसायचे. त्यांनी पुतण्याच्या बायकोला चहा सांगितला, पण मला तो पिऊ दिला नाही. “आधी ऐका. मग चहा.”

हात धुतले, सदऱ्याला पुसले, ढिगातून एक तबकडी काढली आणि लावली.

सुई टेकली आणि खोलीत जे सुरू झालं ते गाणं नव्हतं. तव्यावर काहीतरी करपत होतं. पत्र्यावर कोणीतरी वाळू घासत होतं. त्याच्या खूप मागे, चिखलात बुडालेला, एक माणसाचा आवाज वर येऊ पाहत होता आणि प्रत्येक फेऱ्याला पुन्हा घासला जात होता. सुई पार झिजली होती. टोक गेलेली ती सुई रोज एक तबकडी खरवडून काढत होती आणि हे ज्याला सांगता आलं असतं असा कान त्या खोलीत नव्हता.

दस्तगीरभाई प्लेअरच्या लाकडावर तळहात ठेवून डोळे मिटून बसले होते. मान हलत होती, आणि जिथे सम यायला हवी तिथेच हलत होती. गाणं त्यांच्यात होतं, अख्खं. माझे दात शिवशिवत होते. कान झाकावेत असं वाटत होतं आणि मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

मग त्यांनी डोळे उघडले आणि कसं वाटतंय ते विचारायला माझ्याकडे पाहिलं.

मला चेहरा आवरता आला नाही. आयुष्यभर तो चेहरा त्यांनी स्वतः केला होता. त्यांना ओठ वाचायची गरज पडली नाही.

त्यांनी सुई उचलली. तिच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं. बहिरी माणसं विचारतात तसं, फार मोठ्याने. पुढच्या वर्कशॉपमधला लेथ थांबला आणि कोणीतरी “काय झालं?” म्हणून डोकावलं.

मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं.

त्यांनी ती तबकडी खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. काळ्या रेघा राखाडी झाल्या होत्या. ती त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. दुसरी काढली, बघितली, तिच्याशेजारी ठेवली. परतीची गाडी चुकू नये म्हणून मी निघालो, तेव्हा भिंतीशी बरीच मोठी रांग लागली होती, चहावर साय धरली होती, आणि दस्तगीरभाई ढिगातली पुढची तबकडी खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघत होते.